दातांच्या डॉक्टरांनी आधी गोळ्यांबद्दल विचारलं

चार वर्षांनी दातांच्या डॉक्टरकडे गेले. वरची उजवीकडची दाढ आधी नुसती थंड पाण्याला झोंबायची, मग कळ कानापर्यंत जायला लागली, तरी मी गेले नाही, डाव्या बाजूने चावत राहिले, आणि शेवटी एका रात्री दोन वाजता उठून बसले ती सकाळपर्यंत गाल धरून बसले होते तेव्हा ताईने मला न विचारता अपॉइंटमेंट घेतली आणि स्वतः बरोबर आली. हा रिव्ह्यू त्या क्लिनिकचा आहे. सात महिन्यांत नऊ वेळा जाऊन आलेय, त्यामुळे एका भेटीवरून लिहीत नाहीये. क्लिनिकचं नाव मुद्दाम घालत नाही, कारण तिथे जे झालं ते कुठल्याही दातांच्या दवाखान्यात मागता येण्यासारखं आहे आणि लोकांनी ते मागावं म्हणून मी लिहायला बसलेय.

थोडं आधीचं सांगते. मला डिप्रेशन आहे, जोडीला अँग्झायटी. तीन वर्षं ट्रीटमेंट चालू आहे, सकाळी एस्सिटालोप्राम आणि रात्री झोपेसाठी अमिट्रिप्टिलिन. ज्यांनी हे जवळून बघितलंय त्यांना माहिती असेल की वाईट दिवसांत ब्रश हातात घेणंही होत नाही. लोकांना तो आळस वाटतो. अंथरुणातून उठायचं, बेसिनपर्यंत जायचं, पेस्ट लावायची, दोन मिनिटं उभं राहायचं आणि तेवढा वेळ आरशात स्वतःच्या तोंडाकडे बघायचं, यातलं एकेक काम वेगळं असतं आणि एकेक जड असतं. माझे सलग आठ-आठ दिवस गेलेत ब्रश न करता. हे मी ताईला पण कधी सांगितलं नव्हतं.

आणि चार वर्षांपूर्वी दुसऱ्या एका ठिकाणी गेले होते तिथे डॉक्टरांनी माझं तोंड उघडलेलं असताना असिस्टंटकडे बघत म्हटलं होतं, "एवढ्या शिकलेल्या बाई आणि दातांची ही अवस्था." तोंडात आरसा होता, मी काय बोलणार. त्या दिवशी सिमेंट भरून घेतलं, घरी आले आणि परत कुठल्याच दातांच्या डॉक्टरकडे गेले नाही. तेव्हा माझ्या दोन दातांना बारीक कीड होती. चार वर्षांनी गेले तेव्हा सात दात किडलेले होते, एक रूट कॅनालवर आलेला आणि एक काढायच्या लायकीचा. एका वाक्याने किती नुकसान होतं हे मी असं दातात मोजून सांगू शकते.

आता या क्लिनिकचं. आत गेल्यावर एक फॉर्म दिला, तसा तो सगळीकडेच देतात, डायबेटिस आहे का, बीपी आहे का, कशाची अॅलर्जी आहे का. पण यात खाली एक वेगळा भाग होता, झोप, चिंता, डिप्रेशन किंवा मनाच्या इतर कुठल्या त्रासासाठी औषधं चालू आहेत का, असतील तर नावं लिहा. आणि त्याच्याखाली बारीक अक्षरात एक ओळ, ही माहिती तुमच्या दातांच्या उपचारासाठी लागते म्हणून विचारतोय. मी पेन धरून बराच वेळ बसले. आधीच्या सगळ्या फॉर्मवर मी "काही नाही" असंच लिहीत आलेय, दातांचा आणि त्याचा काय संबंध असं वाटायचं, आणि खरं सांगायचं तर लाज पण वाटायची. ताईने नुसतं माझ्या पाठीवर हात ठेवला. मी दोन्ही गोळ्यांची नावं लिहिली.

दुसरा कागद पाच प्रश्नांचा होता. उद्या दातांच्या डॉक्टरकडे जायचंय तर कसं वाटेल, बाहेर थांबून नंबरची वाट बघताना कसं वाटेल, ड्रिल वापरणार असतील तर, दात साफ करणार असतील तर, आणि मागच्या वरच्या दाढेच्या हिरडीत इंजेक्शन देणार असतील तर. प्रत्येकाला १ ते ५ मार्क. म्हणजे कमीत कमी ५ आणि जास्तीत जास्त २५, आणि १९ किंवा त्याच्या वर गेलं तर भीती खूप जास्त आहे असं धरतात. माझे २२ आले. नंतर कळलं की याला मॉडिफाइड डेंटल अँग्झायटी स्केल म्हणतात आणि ते १९९५ पासून वापरात आहे, म्हणजे यात काही नवीन नाही, एक कागद आणि दोन मिनिटं लागतात. मग बाकीच्या ठिकाणी का देत नाहीत हा प्रश्न मला अजून पडतो.

आत डॉक्टर मॅडमनी मला चेअरवर आडवं केलंच नाही. समोर स्टूल घेऊन बसल्या, फॉर्म वाचला, आणि पहिला प्रश्न विचारला तो असा, "तोंडाला कोरड पडते का हो?"

मी म्हटलं हो, खूप, रात्री तर जीभ टाळूला चिकटते.

"मग काय करता?"

लिंबाच्या चवीच्या गोळ्या चघळते म्हटलं, दिवसभर पर्समध्ये असतात.

त्यांनी मान हलवली आणि मग जे सांगितलं ते तीन वर्षांत मला कोणीच सांगितलं नव्हतं. आपल्या तोंडात दिवसाला साधारण अर्धा ते दीड लिटर लाळ तयार होते. ही लाळ नुसती ओलाव्यासाठी नसते, ती तोंडातलं अॅसिड मारते आणि तिच्यातलं कॅल्शियम आणि फॉस्फेट दाताच्या वरच्या थराला, इनॅमलला, परत मिळतं. तोंडातला पीएच (तो जितका खाली तितकं अॅसिड जास्त) साधारण ५.५ च्या खाली गेला की इनॅमल विरघळायला लागतं आणि लाळ तो परत वर आणते. अमिट्रिप्टिलिनसारख्या गोळ्यांनी लाळ चांगलीच कमी होते, एस्सिटालोप्रामसारख्यांनी पण काही जणांची होते. आता लाळ कमी, त्यात मी आंबट-गोड गोळ्या चघळतेय, म्हणजे साखर पण आणि अॅसिड पण, आणि ते धुवून काढायला कोणी नाही. "म्हणून तुमची कीड हिरडीलगत दिसतेय," असं म्हणून त्यांनी हातात आरसा दिला आणि दाताच्या मुळाजवळच्या तपकिरी रेघा दाखवल्या. "याच्यात औषधाचा वाटा आहे, चघळायच्या आंबट-गोड गोळ्यांचा आहे, न घासल्याचा पण आहे. तुमच्या एकटीच्या माथी मारण्यासारखं यात काही नाही."

मी रडले. चेअरवर न बसता रडले.

त्यांनी लगेच हे पण सांगितलं, आणि हे मी मुद्दाम लिहितेय, की दातासाठी म्हणून स्वतःच्या मनाने एकही गोळी बंद करायची नाही. त्यांनी माझ्या सायकियाट्रिस्टना चिठ्ठी लिहून दिली, मला विचारून, आणि मला वाचायला दिली आधी. सायकियाट्रिस्टनी पुढच्या महिन्यात अमिट्रिप्टिलिनचा डोस हळूहळू कमी केला, सकाळची गोळी आहे तशीच ठेवली. दोन डॉक्टर माझ्याबद्दल एकमेकांशी बोलले एवढीच गोष्ट आहे ही, पण ती व्हायला तीन वर्षं लागली.

घरासाठी जे सांगितलं ते पण लिहिते कारण ते नेहमीच्या "दिवसातून दोनदा घासा" सारखं नव्हतं. दोनदा घासायला हवं हे त्यांनी सांगितलंच. पण मग म्हणाल्या, वाईट दिवस असेल आणि एकदाच जमणार असेल तर रात्रीचं करा, कारण झोपेत लाळ जवळजवळ थांबते आणि रात्रभर दात उघडे पडतात. बेसिनपर्यंत जाणं होत नसेल तर पलंगावर बसून करा, थुंकायला एक कप ठेवा. उभं राहून करायलाच हवं असं कोणी सांगितलंय? पेस्ट फ्लोराइडवाली हवी, ट्यूबवर बघायचं, साधारण १००० ते १५०० पीपीएम लिहिलेलं असतं, आणि घासून झालं की फक्त थुंकायचं, चुळा भरायच्या नाहीत, म्हणजे फ्लोराइड दातावर राहतं. मी आयुष्यभर चार-चार चुळा भरत आले. चघळायच्या गोळ्या बंद, त्याऐवजी झायलिटॉलचं बिनसाखरेचं च्युइंगगम आणि सतत थोडं थोडं पाणी. रात्रीसाठी कोरड्या तोंडाचं एक जेल दिलं, ते जिभेवर आणि गालाच्या आतून लावायचं. जेलबद्दल माझं मत विचाराल तर दोन-तीन तास चांगलं वाटतं, पहाटे परत कोरडं होतं, चव बुळबुळीत आहे पण सवय होते. अल्कोहोल असलेलं माउथवॉश मी आधी वापरायचे, ते पण बंद करायला सांगितलं, त्याने अजून कोरड पडते.

पलंगाशेजारच्या ड्रॉवरमध्ये आता माझा एक ब्रश, पेस्ट आणि एक स्टीलचा कप असतो.

दुसऱ्या भेटीत दाढेचं काम होतं आणि मी बाहेर खुर्चीत बसूनच घामाघूम झाले होते. मॅडमनी आधी हाताची खूण ठरवली. डावा हात वर केला की मी थांबणार, कारण विचारणार नाही. आणि मग म्हणाल्या, आता नुसता आरसा घालते, तुम्ही मुद्दाम हात वर करून बघा मी थांबते का. मी केला. त्या थांबल्या. परत केला, परत थांबल्या. तिसऱ्यांदा मला हात वर करावासा वाटला नाही. हे कागदावर फार छोटं वाटेल, पण ज्यांना पॅनिक येतं त्यांना विचारा, भीती दुखण्याची कमी आणि अडकून पडण्याची जास्त असते, आडवं पडलोय, तोंड उघडं आहे, वर दिवा आहे, बोलता येत नाही आणि उठता येत नाही. तो हात म्हणजे माझा आवाज होता.

इंजेक्शनच्या आधी हिरडीला सुन्न करणारं जेल लावून थोडा वेळ थांबल्या. मग म्हणाल्या, "या औषधात थोडं अॅड्रिनलिन असतं. टोचल्यावर एखादं मिनिट छाती धडधडेल, हात थरथरतील. तुम्हाला वाटेल पॅनिक अटॅक येतोय. तो औषधाचा परिणाम असेल, काही मिनिटांत उतरेल, मी इथेच बसलेय." आणि तसंच झालं, अगदी तसंच. छाती धडधडायला लागली आणि माझ्या डोक्यात पहिल्यांदा असं झालं की मी घाबरण्याऐवजी वाट बघत होते की कधी उतरतंय. उतरलं. चार वर्षांपूर्वी सिमेंट भरताना माझ्या बाबतीत हेच झालं होतं आणि मी तेव्हा ठरवलं होतं की मला दातांचं इंजेक्शन सहनच होत नाही. कोणी आधी एक वाक्य सांगितलं असतं तर. शिवाय अमिट्रिप्टिलिनच्या जातीच्या गोळ्या चालू असल्या की अॅड्रिनलिन जपून वापरावं लागतं, हे पण त्यांनी सांगितलं, म्हणजे फॉर्मवर मी याही वेळी "काही नाही" लिहिलं असतं तर डॉक्टरला हे कळायचा काही मार्गच नव्हता.

रूट कॅनाल दोन सीटिंगमध्ये झालं. त्याबद्दल विशेष लिहिण्यासारखं नाही, सुन्न झाल्यावर दुखलं नाही, जबडा उघडा ठेवून भरून आला, मध्ये चार वेळा हात वर केला आणि चारही वेळा थांबल्या.

औषधं लिहून देताना मात्र परत एक गोष्ट. मला घरात असलेली आयब्युप्रोफेन घेऊ का विचारलं तर म्हणाल्या नको, तुमच्या सकाळच्या गोळीबरोबर ती घेतली तर पोटात रक्तस्राव व्हायचा धोका वाढतो, पॅरासिटामॉल घ्या. ताईला लगेच आमच्या मावसबहिणीची आठवण झाली, तिला लिथियम (मूडच्या आजारावरची गोळी) चालू आहे, म्हणून ताईने विचारलं तिचं काय. मॅडम म्हणाल्या तिला तर अजून जपायला हवं, आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्यांनी रक्तातलं लिथियम वाढतं आणि ते विषारी पातळीला जाऊ शकतं. ताईने गाडीत बसायच्या आधी तिला फोन केला. दाढ दुखली की आपण सगळे न विचारता हीच गोळी घेतो ना, म्हणून हे इतकं सविस्तर लिहितेय.

मग नाईट गार्ड, म्हणजे रात्री झोपताना दातांवर घालायचं कव्हर. मी झोपेत दात खाते हे मला माहिती नव्हतं, सकाळी कानशिलं दुखायची ती मी टेन्शनवर ढकलायचे. मॅडमनी दातांची टोकं घासून सपाट झालेली दाखवली आणि गालाच्या स्नायूवर बोट दाबलं तेव्हा मी कळवळले. टेन्शनने होतं हे खरंच आहे, पण एस्सिटालोप्रामच्या गटातल्या गोळ्यांनी पण काही लोकांत दात खाणं सुरू होतं. माप घेऊन वरच्या दातांचा गार्ड बनवला. पहिला आठवडा अजिबात आवडला नाही, घट्ट होता, पुढचे दोन दात सकाळी दुखायचे, परत जाऊन आतून घासून घ्यावा लागला, हे काम पहिल्याच वेळी नीट व्हायला हवं होतं असं माझं मत आहे. आता चालतो. गार्डने दात खाणं थांबत नाही, दात झिजायचे थांबतात, एवढीच अपेक्षा ठेवून घ्या. आणि गरम पाण्यात धुवू नका, माझा जवळजवळ वाकला होता.

तक्रारी पण आहेत. रिसेप्शनवरची मुलगी स्वभावाने चांगली आहे, पण पहिल्या दिवशी तिने माझा फॉर्म हातात घेऊन चार माणसांसमोर मोठ्याने विचारलं, "मॅडम, ही दुसरी कुठली गोळी, अमि काय?" मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. जो प्रश्न इतक्या काळजीने छापलाय त्याचं उत्तर असं ओरडून विचारायचं असेल तर काय उपयोग. मी तिसऱ्या भेटीत मॅडमना सांगितलं, त्यांनी ऐकून घेतलं, आणि आता फॉर्म बंद पाकिटात देतात. दुसरं म्हणजे ड्रिलचा आवाज बाहेर बसल्या जागी ऐकू येतो, दाराला नुसती काच आहे. २२ मार्क आलेल्या माणसाला वीस मिनिटं तो आवाज ऐकत बसवणं बरोबर नाही. मी हेडफोन नेते, आणि सकाळची पहिली अपॉइंटमेंट मागून घेते म्हणजे थांबावंच लागत नाही. तिसरं, त्या प्रत्येक पेशंटला भरपूर वेळ देतात म्हणून तारीख लवकर मिळत नाही, आणि रात्री ठणका लागलेल्या माणसाला ते परवडत नाही. मला लवकर मिळाली ती ताई फोनवर अडून बसली म्हणून.

ताई मास्तरीण आहे, तिला कुठलीही गोष्ट वाचून काढल्याशिवाय चैन पडत नाही. तिने शोधलं त्यात २०१५ सालचा एक मोठा आढावा होता, बऱ्याच अभ्यासांचे आकडे एकत्र केलेला, त्यात गंभीर मानसिक आजार असलेल्या माणसांचे सगळेच्या सगळे दात गेलेले असण्याचं प्रमाण बाकीच्यांच्या तुलनेत जवळपास २.८ पट निघालं. सगळे दात. मी तो आकडा वाचून बराच वेळ गप्प होते. त्यातल्या किती जणांना कोणीतरी एकदा "एवढ्या शिकलेल्या बाई" म्हटलं असेल.

आणि उलटं पण होतं, ते कोणी फारसं बोलत नाही. पुढच्या दाताला काळा डाग आल्यापासून मी हसताना तोंडावर हात धरायचे. मग हसणंच कमी केलं. मीटिंगला कॅमेरा बंद. मैत्रिणी भेटायचं म्हणाल्या की काहीतरी कारण. जवळ बसून बोलायचं नाही, तोंडाला वास येत असेल म्हणून. रात्री दाढ ठणकली की झोप नाही, आणि झोप नाही की दुसरा दिवस मनाने पूर्ण कोलमडलेला, आणि त्या दिवशी परत ब्रश नाही. माझ्या काउन्सेलरबरोबर मी एकटेपणावर महिनोन्महिने बोललेय पण दातांचा विषय एकदाही निघाला नाही, तिने विचारला नाही आणि मी काढला नाही. आता मी तिला सांगितलंय की नवीन येणाऱ्या माणसाला दातांचं विचारत जा.

दात नीट झाले म्हणून डिप्रेशन गेलं का, तर नाही गेलं. मागच्या महिन्यात परत दहा-बारा दिवस वाईट गेले. पण त्यातल्या सात रात्री मी पलंगावर बसून ब्रश केला, ताईने कप उचलून नेला, आणि मॅडमनी दातांवर लावलेला फ्लोराइडचा थर (वार्निश) होताच. त्यानंतरच्या तपासणीत मी घाबरत घाबरत मॅडमना सांगितलं की सगळे दिवस नाही जमलं, सातच. त्यांनी आरसा फिरवून सगळीकडे बघितलं, फाईलमध्ये काहीतरी लिहिलं आणि म्हणाल्या, "नवीन कीड नाहीये. सात चांगले आहेत."

काढलेल्या दाताच्या जागी काय बसवायचं ते अजून ठरवायचंय, त्यांनी घाई केली नाही. तपासणी दर तीन महिन्यांनी आहे, लाळ कमी असणाऱ्यांना सहा महिने थांबवत नाहीत. पुढची तारीख मी घेतलीय, यावेळी फोन मी स्वतः केला.